रिकामी खुर्ची आणि उघडा पडदा

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आईला घेऊन मी तालुक्याच्या गावातील एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने कागद पाहिले आणि "सर, पाच मिनिटं बसा, साहेबांची सही घेऊन आलोच," असे म्हणून तो आत गेला. पाच मिनिटांची वीस मिनिटे झाली. त्यात त्याचा दोष नव्हता; निवृत्तिवेतनधारकांची त्या दिवशी एवढी गर्दी होती, की साहेबांच्या खोलीबाहेरही रांग लागली होती. तो ज्या संगणकासमोरून उठला, त्याचा पडदा मात्र तसाच उघडा राहिला. ग्राहकाला नोंदी दाखवता याव्यात म्हणून तो अर्धा आमच्याकडे वळवलेला होता आणि त्यावर आमच्याच गल्लीत वह्या-पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांचे कर्जखाते दिसत होते. नाव, छायाचित्र, मोबाइल क्रमांक, पत्नीच्या दागिन्यांवर उचललेली रक्कम, तीन महिन्यांचे थकलेले व्याज आणि खाली कोणा अधिकाऱ्याने लिहिलेला शेरा.

मी ते वाचायला नको होते, हे खरे. पण एकदा अक्षरओळख झालेल्या माणसाला डोळ्यांसमोरचा मजकूर न वाचणे साधत नाही. त्याच संध्याकाळी काही कामाने त्यांच्या दुकानात गेलो. महिनाअखेरीस एकदम पैसे चुकते करण्याचा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी मात्र होती ती सारी बाकी मी तिथल्या तिथे काढून ठेवली. "सर, आज एवढी घाई कसली?" त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. त्यांच्या नजरेत क्षणभर जी शंका दिसली, तिचे निरसन मी आजतागायत करू शकलेलो नाही.

बँकेच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच घडले नाही. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर संगणकीय हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा पोलिसांत तक्रार झाली, तपास झाला, वृत्तपत्रांनी मथळे दिले. उघड्या राहिलेल्या पडद्याची अशी वार्ता होत नाही. संगणकाच्या अंतर्गत नोंदीत एवढेच उमटते, की अमुक कर्मचाऱ्याने अमुक वाजता अमुक खाते पाहिले. ते खाते त्याच्याशिवाय आणखी कोणी पाहिले, याची नोंद त्या यंत्राकडे नाही, बँकेकडे नाही आणि ज्याचे खाते आहे त्याच्याकडे तर नाहीच नाही.

मराठीत 'पडदा' हा शब्द पूर्वापार झाकण्याच्या कामी येत आला. नाटकाचा पडदा, घराच्या दाराचा पडदा. सिनेमा आला आणि याच शब्दाला दाखवण्याचे काम करावे लागले. संगणकानेही त्याच अर्थाने तो उचलला. आता प्रश्न असा आहे, की कामकरी माणूस खुर्चीवरून उठला असता या पडद्याने आपले मूळचे काम आपण होऊन करावे की नाही, आणि करावे तर त्याची तोशीस कोणी सोसावी. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. विंडोजच्या संगणकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'एल' ही कळ एकत्र दाबली की पडदा बंद होतो. ती दाबायला अर्धा क्षणही लागत नाही. तरीही ती दाबली जात नाही. असे का होते, हे पाहण्याजोगे आहे.

आपल्याकडील बँकांत हिशेबाच्या जाडजूड वह्या होत्या त्या काळी ही अडचण फारशी जाणवत नसे. लेजर मिटले की मिटले; उघडे राहिले तरी काउंटरपलीकडून उलटी अक्षरे वाचणे जिकिरीचे, आणि एका वेळी एकच पान दिसणार. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि संगणक बँकेच्या दारात उभा राहिला. त्या वेळचा वाद मुख्यत्वे नोकऱ्यांचा होता, आणि तो रास्तही होता. वही मिटण्याची जी सहज क्रिया हाताला जडलेली होती, ती या नव्या यंत्राबरोबर लोप पावणार आहे, इकडे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते.

योगायोग असा, की त्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, 'सॉफ्टॉक' या अमेरिकी मासिकात जॉन सोचा यांनी एक छोटीशी आज्ञावली छापली. तीन मिनिटे कळफलकाला कोणी हात लावला नाही की पडदा काळा करणे एवढेच तिचे काम. हेतू गुप्ततेचा मुळीच नव्हता. त्या काळच्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच मजकूर तासन्तास राहिला तर आतील लेपावर त्याचे कायमचे डाग उमटत. मजकुरापासून काच वाचवायची होती. पुढे नळ्या गेल्या, डागांची भीती ओसरली आणि तीच युक्ती परक्या नजरेपासून मजकूर वाचवण्याच्या कामी लागली. आज कचेऱ्यांतून संगणक आपोआप बंद होण्याची जी व्यवस्था दिसते, ती बव्हंशी त्या आज्ञावलीचीच नात-पणती आहे, आणि तिचा जन्मजात दोषही तिच्याबरोबर आला आहे. ती माणूस मोजत नाही, कळ मोजते.

कर्मचारी खुर्चीवर आहे की नाही हे टायमरला ठाऊक नसते. शेवटची कळ केव्हा दाबली गेली एवढेच त्याला कळते. त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी चुकतो. शेजारी ठेवलेली कागदी फाइल लक्षपूर्वक वाचणाऱ्या कारकुनाच्या तोंडावर तो पडदा मिटतो, आणि चहाला गेलेल्याचा पडदा पुरता अवधी उघडा ठेवतो. कार्डव्यवहारांसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या 'पीसीआय डीएसएस' या मानकात हा अवधी पंधरा मिनिटांचा आहे. पंधरा मिनिटांत काय वाचता येत नाही? अमेरिकेतील रुग्णालयांना लागू असलेल्या २००३ सालच्या सुरक्षा नियमात आपोआप बाहेर पडण्याची तरतूद आहे, परंतु मिनिटांचा आकडा नाही; तो ज्याचा त्याने ठरवायचा. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कोंडी नवी नाही: एका प्रकारची चूक कमी करायला जावे तर दुसऱ्या प्रकारची वाढते.

मग अवधी एक मिनिटावर आणावा, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. समजा, एक कर्मचारी दिवसातून वीस वेळा उठतो आणि परत आल्यावर परवलीचा शब्द घालून पुन्हा त्याच खात्यापर्यंत पोचायला त्याला तीस सेकंद लागतात. दिवसाची दहा मिनिटे गेली. शाखेत असे दहा जण असतील तर शंभर मिनिटे. ही मिनिटे रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या वाट्यातून जातात आणि त्यांची बोलणी कर्मचारी ऐकतो. ज्याचे खाते झाकले गेले तो खातेदार आभार मानायला येत नाही, कारण काही टळले हे त्याला कळतच नाही.

अशा स्थितीत माणसे काय करतात, याचे उत्तम वर्णन रॉस कॉपेल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली अमेरिकी रुग्णालयांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. संगणकासमोर कोणी आहे की नाही हे ओळखणारी यंत्रे तेथे बसवली होती. परिचारिका आणि डॉक्टरांनी त्यांवर थर्माकोलचे पेले उपडे घातले. यंत्राची समजूत अशी, की समोर कोणीतरी सदैव उभे आहे. एके ठिकाणी तर वैद्यकीय चमूतील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने साऱ्यांच्या कळफलकांवरची एक कळ अधूनमधून दाबत राहायचे, असा रिवाजच पडला होता. ही माणसे बेजबाबदार नव्हती. अत्यवस्थ रुग्ण समोर असता परवलीचा शब्द आठवत बसण्यापेक्षा पेला उपडा घालणे त्यांना अधिक जबाबदारीचे वाटले. आपल्याकडे थर्माकोलच्या पेल्याची गरज भासत नाही. "जरा माझा माउस हलव गं," एवढे शेजारच्या टेबलावर सांगून भागते.

मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले होते, की सुरक्षेचे सल्ले धुडकावणारा वापरकर्ता मूर्ख नसतो. सल्ला पाळण्याचा रोजचा खर्च आणि त्याला स्वतःला होणारा फायदा यांचा मेळ त्याने अचूक घातलेला असतो. अर्थशास्त्राच्या माणसाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. कारखान्याचा धूर ज्याच्या छातीत जातो त्याचा कारखान्याच्या जमाखर्चात पत्ता नसतो. त्यालाच आपण बाह्य परिणाम म्हणतो. उघडा पडदा हा तशाच जातीचा धूर आहे. तो झाकण्याचा त्रास कर्मचाऱ्याला, विलंब रांगेला, आणि न झाकल्याची झळ अशा एका माणसाला, जो त्या वेळी त्या इमारतीतही नसतो.

केंब्रिजचे दिवंगत प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी २००१ साली हाच धागा एटीएमच्या संदर्भात पुढे नेला. "हे पैसे मी काढलेच नाहीत," असे ग्राहक म्हणाला तर ते खोटे ठरवण्याचा भार अमेरिकेत बँकेवर होता. ब्रिटनमध्ये बराच काळ तो ग्राहकावर होता. ज्यांना जबाबदारीतून सूट होती त्या ब्रिटिश बँका अधिक सुरक्षित राहायला हव्या होत्या, असे वाटेल. घडले उलट. तक्रार करणारा ग्राहकच चुकीचा, असे धरून चालल्याने कर्मचारी गाफील झाले आणि फसवणूक फोफावली. आपल्या रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, ती याच दिशेने जाणारी गोष्ट होती. पण ती पैशापुरती. माहिती गेली तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

इथवर वाचून प्रस्तुत लेखक बँकांना धडे देतो आहे असा कोणाचा ग्रह होईल, म्हणून स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या पावसाळी सत्रात द्वितीय वर्षाच्या वर्गावर राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते दाखवत होतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता. मध्येच शिपाई प्राचार्यांचा निरोप घेऊन आला: शुल्क-सवलतीच्या यादीत अमुक एक नाव आहे का, पाहून लगेच या. त्या समितीचा मी सदस्य. यादी उघडली, नाव पाहिले आणि तसाच निघालो. भिंतीवर साठ मुलांसमोर ती यादी झळकत राहिली: नावे, घरचे उत्पन्न आणि शेवटच्या रकान्यात सवलत मागण्याचे कारण. कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कोणाचे वडील व्यसनापायी घर सोडून गेलेले, एकाचे वडील तुरुंगात. मी परतलो तेव्हा वर्गात चिडीचूप शांतता होती.

माझ्या लॅपटॉपवर दहा मिनिटांचा टायमर होता. मी आठ मिनिटांत परत आलो होतो.

त्या शेवटच्या मुलाची कोणी टिंगल केली नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. उलट मुले त्याच्याशी अतिशय चांगली वागू लागली. कोणी डबा पुढे करी, कोणी वही देई. तो पुढचे दहा दिवस वर्गात आला नाही. आला तो शेवटच्या बाकावर बसू लागला. मी त्याला बोलावून क्षमा मागितली. "असू दे सर, कधीतरी कळणारच होतं," एवढेच तो म्हणाला. कळणार होते ते केव्हा आणि कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता, आणि तो माझ्या हातून गेला.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यामागोमाग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यातील माहितीभंगाच्या व्याख्येत माहिती अनवधानाने उघड होणेही येते. म्हणजे उघड्या पडद्यावरून दुसऱ्याचे खाते वाचले जाणे हाही भंग ठरू शकतो, आणि झालेल्या भंगाची खबर मंडळाला आणि संबंधित व्यक्तीला देण्याचे बंधन संस्थेवर आहे. वाजवी सुरक्षाउपाय न योजल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. आकडा दरारा वाटावा असाच आहे. परंतु हा दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हायचा आहे. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातील दमडीही मिळायची नाही; इतकेच नव्हे, तर नुकसानभरपाईचा जो मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात होता, ते कलम वगळण्याची तरतूद याच कायद्याने केली आहे. झळ लागलेल्याला तक्रार करण्यात काही लाभ नाही आणि भंग झाल्याचे संस्थेलाच कळत नाही, अशा ठिकाणी अडीचशे कोटींचा दरारा काउंटरवरच्या खुर्चीपर्यंत पोचेल, याची खात्री मला तरी वाटत नाही.

तो पोचला तर कोणत्या रूपाने पोचेल, याची मात्र कल्पना करता येते. मुख्य कचेरीतून परिपत्रक निघेल, प्रत्येक कर्मचाऱ्याची सही घेतली जाईल आणि उद्या काही झाले तर ती सही पुढे केली जाईल. कर्मचारी संघटनांनी या सहीला आताच हरकत घेतली पाहिजे, असे माझे मत आहे. ज्याच्या हाती काउंटरची रचना नाही, आज्ञावली नाही आणि शेजारच्या टेबलावर माणूस देण्याचा अधिकार नाही, त्याच्या सहीने ही जबाबदारी फिटत नाही.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते फारसे दुर्मीळ नाही. परत येण्याचा खर्च कमी केला की उठून जाताना झाकण्याची कुरकूर आपोआप कमी होते. ओळखपत्र टेकवताच संगणक जिथे होता तिथेच पुन्हा उघडतो, अशी सोय मिळते. मग अवधी एक मिनिटाचा ठेवला तरी तीस सेकंदांचे दोनतीन सेकंद होतात. खिशातील मोबाइल दूर गेला की पडदा बंद करण्याची सोय विंडोजमध्ये २०१७ पासून आहे. तिच्यावर फार विसंबू नये. ब्लूटूथच्या लहरी भिंतीला जुमानत नाहीत, आणि मोबाइल टेबलावरच चार्जिंगला लावून चहाला जाणारे कमी नाहीत. समोर माणूस आहे की नाही हे ओळखणारे लॅपटॉपही अलीकडे निघाले आहेत. कॅमेऱ्याने कर्मचाऱ्यावर दिवसभर नजर ठेवून ग्राहकाचा खासगीपणा राखायचा, हा सौदा मात्र मला पटत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट, पडद्यावर मुळात किती दाखवायचे ही आहे. आधारची केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत आपण आता सर्रास वापरतो. हीच पद्धत बँकेच्या पडद्यालाही लागू करता येते. पासबुक भरून देणाऱ्याला खातेदाराच्या कर्जावरचा शेरा दिसण्याचे कारण नाही. थकबाकी, मोबाइल क्रमांक, तारण हे रकाने नेहमी झाकलेलेच असावेत. हवा तो रकाना कळ दाबून उघडावा, तो कोणी उघडला त्याची नोंद व्हावी आणि दहा-पंधरा सेकंदांत तो पुन्हा आपण होऊन झाकला जावा. मग खुर्ची रिकामी असो वा भरलेली, वाटसरूला दिसतात ती फुल्यांची रांग. कर्मचाऱ्याला पुन्हा परवलीचा शब्द घालावा लागत नाही, रांग खोळंबत नाही. माझ्या यादीतील कारणाचा रकाना असा झाकलेला असता, तर त्या आठ मिनिटांत वर्गाला निदान ती कारणे वाचायला मिळाली नसती.

यात पैशाचाही प्रश्न आहे. मोठ्या बँकांना कार्ड-वाचक यंत्रे परवडतील. तालुक्याच्या पतसंस्थेला प्रत्येक टेबलावर ती बसवणे जड जाईल. परंतु रकाने झाकण्याला यंत्र लागत नाही, आज्ञावलीत बदल लागतो, आणि आपल्याकडील अनेक लहान पतसंस्था एकाच पुरवठादाराची तयार आज्ञावली वापरतात. तो बदल एका ठिकाणी केला की शेकडो काउंटरांवर पोचतो. वार्षिक करार नव्याने करताना ही अट घालणे संचालक मंडळांच्या हातात आहे. लेखापरीक्षकांनीही परिपत्रकावरच्या सह्या मोजत बसण्यापेक्षा शाखेत काउंटरच्या अलीकडे, ग्राहकाच्या जागी, अर्धा तास बसावे आणि तेथून काय काय वाचता येते ते अहवालात लिहावे.